माणिकबाईची मूठ

थंडीच्या दिवसांत अकोल्याची सकाळ उशिरा उजाडते, आणि उजाडतानाही घाई करीत नाही. शांतवनच्या खोलीत ती छपरातून येई. कवेलूंच्या मधोमध त्याच्या वडिलांनी कधीकाळी एक काचेचे कवेलू बसवले होते. त्यातून आरंभी उजेड असा काही उतरत नसे. अंधार तेवढा धुवून धुवून विटलेल्या कापडासारखा फिका होत जाई. मग केव्हातरी, नेमके केव्हा ते त्याला इतक्या वर्षांत पकडता आले नव्हते, समोरच्या भिंतीवर सायीच्या रंगाचा एक डाग उमटे. डाग हळूहळू पिवळा होई, लांबट होई आणि भिंतीवरून खाली सरकू लागे. खुंटीवरचा दवाखान्यातला पांढरा कोट, कोपऱ्यातली वडिलांची काठी, फळीवरचे आईचे गायनांचे पुस्तक, अशा एकेका वस्तूला तो जरा वेळ स्पर्श करी आणि पुढे जाई. बाहेर मोर्णा नदीच्या पात्राकडे निघालेल्या म्हशींच्या गळ्यातल्या घंटा वाजत. कोणीतरी दारात पाणी शिंपडी. ओल्या मातीचा वास आत येई. शेवटी उजेड चुलीशेजारच्या कोनाड्यापाशी पोचे. कोनाड्यात एक लहान मडके पालथे ठेवलेले होते. त्याच्या काळ्या बुडावर उजेड येऊन टेकण्याच्या सुमारास शांतवन उठे आणि अंथरूण गुंडाळू लागे. गुंडाळताना त्याची पाठ कोनाड्याकडे असे.

मडके आईचे होते. तिथल्या ख्रिस्ती मंडळीतल्या प्रत्येक घरी असे एक मडके असे. रोज चूल पेटवण्यापूर्वी घरातल्या बाईने ज्वारीची एक मूठ काढून त्यात टाकायची, टाकताना दोन शब्द प्रार्थना करायची, आणि आठवड्याचे साठलेले धान्य रविवारी पिशवीत घालून प्रार्थनामंदिरात न्यायचे. तिथे मेजाखाली एक मोठे टोपले ठेवलेले असे. त्यातले धान्य मंडळीतल्या विधवांना, आजाऱ्यांना जाई. घरात पोते भरलेले असो की तळाशी चार दाणे असोत, मूठ चुकवायची नाही असा रिवाज होता. आई गेली त्या उन्हाळ्यात भेटायला आलेल्या बायकांपैकी कोणीतरी मडके धुऊन पालथे घातले. मूठ हे बायकांचे काम, असे सगळेच मानीत, आणि एकट्या राहणाऱ्या तरुण कंपाउंडरला त्याबद्दल विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. शांतवन प्रार्थनेला नियमाने जाई, रात्री शास्त्राचा एक अध्याय वाची, दानाची थैली फिरली की तीत काहीतरी टाकी. विश्वासात आपण फार पुढे नसलो तरी मागेही नाही, असे त्याचे स्वतःविषयीचे मत होते.

त्या वर्षी दिवाळी उलटून गेल्यावरच्या एका रविवारी ती गोष्ट घडली.

माणिकबाई ही मंडळीतली जुनी बायबलबाई. बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर या बाजूच्या खेड्यांत पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवण्यात तिचे आयुष्य गेले होते. शांतवनच्या आईला अक्षरओळख तिनेच करून दिली होती, चुलीतल्या कोळशाने फरशीवर गिरवून. आता तिचे हात कापत आणि ती मुलाकडे राही. मुलगा श्रावण तारऑफिसात शिपाई होता. नागपूरला दीक्षेचा मोठा समारंभ झाला त्या दसऱ्याला तो आणि त्याची बायको शालू बौद्ध होऊन आले. मंडळीतली आणखी काही घरे त्याच वाटेने गेली होती. माणिकबाई गेली नाही. पण मुलाचे घरही तिने सोडले नाही. मुलगा आणि सून भिंतीवरच्या बुद्धाच्या चित्रापुढे वंदना म्हणत, तेव्हा ती ओट्यावर बसून आपली प्रार्थना करी. या मांडणीत त्या तिघांना काही अडचण दिसत नव्हती.

अडचण खुशालरावांना दिसली. खुशालराव मंडळीचे ज्येष्ठ पंच, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. मंडळीची गाडी आपण शिट्टी दिल्याशिवाय हलायची नाही अशा थाटात ते टोपल्यापाशी उभे राहत. त्या रविवारी माणिकबाईने पिशवीचे तोंड सोडले आणि खुशालरावांनी टोपल्यावर हात आडवा धरला.

"माणिकबाई, हे मूठ कोन टाकली?"

"सून टाकते. माहे हात कापतात. प्रार्थना मी करतो."

"ज्या घरानं प्रभूले सोडलं, त्या घरचं धान्य प्रभूच्या टोपल्यात कसं चालन?"

ते शांतपणे बोलले, म्हणूनच ते मागच्या बाकापर्यंत ऐकू गेले. माणिकबाईने क्षणभर त्यांच्या हाताकडे पाहिले. मग तिने पिशवीचे तोंड पुन्हा बांधले. कापऱ्या बोटांनी गाठ मारायला तिला वेळ लागला. नंतर ती आपल्या जागी जाऊन बसली, आणि पुढचे गायन सुरू झाल्यावर तिचा चिरका आवाज इतरांच्या आवाजात रोजच्यासारखा मिसळला.

शांतवनच्या कानशिलांना झळ लागल्यासारखे झाले. कोणत्या अधिकाराने? धान्याला कधी धर्म असतो? आणि मंदिराच्या ओसरीवर गेल्या वर्षी ज्या शेठच्या देणगीचे पत्रे बसले, त्याने प्रभूला कधी धरले होते म्हणून सोडले असेल? त्याचे पत्रे चालतात, ऊन-पाऊस अडवतात, आणि माणिकबाईच्या सुनेच्या हातची ज्वारी मात्र चालत नाही! ही वाक्ये त्याच्या मनात इतकी रेखीव उमटली की आता आपण उठणार आणि ती बोलणार अशी त्याची स्वतःचीच खात्री झाली. पण पाळकांनी आशीर्वाद उच्चारला, लोक उठले, चपला शोधू लागले, आणि तोही आपल्या चपला शोधू लागला.

बोलणे त्याला कधीच जमले नव्हते. संताप मात्र जमला, आणि तो दिवसेंदिवस वाढत गेला. दवाखान्यात मिश्रणाच्या बाटल्या तो अशा त्वेषाने हलवी की रांगेतले रोगी एकमेकांकडे पाहत. घरी जाताना रस्ताभर तो मनातल्या मनात खुशालरावांशी वाद घाली, आणि प्रत्येक वादात खुशालराव निरुत्तर होत. रात्रीचा अध्याय तो आता अधिक वेळ वाची. जिथे जिथे ढोंग्यांना कानपिचक्या दिलेल्या असत तिथे त्याचे बोट थांबे, आणि त्या ओळींमागे त्याला खुशालरावांचा आडवा धरलेला हात दिसे. प्रार्थनेत तो माणिकबाईसाठी न्याय मागे. असा आवेश त्याला पूर्वी कधी जाणवला नव्हता. आपण विश्वासात वाढतो आहोत, असे त्याला पहिल्यांदाच वाटू लागले.

तो पाळकांकडे गेला. पाळक नत्थुजी भले गृहस्थ होते. त्यांनी चहा दिला, झाले ते वाईट झाले हे कबूल केले, आणि मंडळीतून आणखी घरे फुटू नयेत म्हणून सध्या गप्प राहणे शहाणपणाचे होईल असे सुचवले. मंडळीतले सगळेच दुखावले आहेत, खुशालरावांचा सख्खा पुतण्याही दीक्षा घेऊन गेला आहे, हे विसरू नये, असेही ते म्हणाले. शांतवनने विचारले की दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याला दुखावण्याचा परवाना मिळतो काय. खरे तर हे त्याने बाहेर रस्त्यावर आल्यावर, स्वतःशी विचारले. आत तो फक्त चहा प्यायला.

त्याची कुरकुर खुशालरावांच्या कानी पोचलीच. बाजारात गाठ पडली तेव्हा त्यांनी वांग्यांवरची नजर न उचलता त्याला टोला दिला.

"तुमी औषधाच्या बाटल्या हालवा, भाऊ. मंडळी नका हालवू."

भाजीवाली हसली. शांतवन तिथून तडक घरी आला आणि त्याने अमरावतीला जायचे ठरवले.

जिल्ह्यांतल्या मंडळ्यांचे अध्यक्ष अमरावतीला राहत. शांतवन पहाटेच्या पॅसेंजरने निघाला, बडनेऱ्याला गाडी बदलली. वाटेत शेतांतून वेचणी चालली होती. कापसाच्या पांढऱ्या ठिपक्यांवर धुके होते आणि त्यातून बायकांचे लाल-हिरवे पदर पुढे सरकत होते. एरवी त्या दृश्याने तो कितीतरी वेळ उदास आणि सुखी झाला असता. आज त्याच्या डोक्यात फक्त भाषण होते.

अध्यक्ष वृद्ध होते. ओसरीवर उन्हात बसून ते तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांच्यापुढे भाषणाचे तुकडे तुकडे झाले; पण झाली ती हकिगत सगळी सांगून झाली. श्रावणचे घर, शालूचा हात, खुशालरावांचे वाक्य, शेठचे पत्रे. अध्यक्षांनी मधे एकदाही अडवले नाही. पत्र्यांची गोष्ट ऐकून ते हसले, आणि हसू ओसरल्यावर त्यांचा चेहरा थकल्यासारखा दिसला.

"कापणीच्या सणाला मी स्वतः येतो," ते म्हणाले. "टोपल्यापाशी मीच उभा राहीन. माणिकबाईंची मूठ मी माझ्या हातांनी घेईन. मग कोण अडवतं ते पाहू."

शांतवनचे डोळे भरून आले. उठताना अध्यक्षांनी त्याच्या ओंजळीत मूठभर शेंगा ठेवल्या आणि सहज विचारले, "तुमच्या घरून मूठ कोण आणतं?"

"आई आणायची," शांतवन म्हणाला. "ती वारली."

"अरे अरे," अध्यक्ष म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

परतीच्या गाडीत त्याला विजयी वाटायला हवे होते, आणि वाटतही होते. फक्त तो एक प्रश्न दातात अडकलेल्या काडीसारखा टोचत राहिला. इथे अन्याय काय चालला आहे, आणि हे विचारतात काय! मोठ्या माणसांची हीच खोड. मूळ मुद्दा बाजूला ठेवायचा आणि घरच्या चौकशा करायच्या. मूर्तिजापूर येईपर्यंत तो अध्यक्षांवरही थोडा रागावला होता. शेंगा त्याने खिडकीशी बसलेल्या एका म्हातारीला देऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माणिकबाईला सांगायला गेला. श्रावण दारात सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्याने "जयभीम" म्हटले, शांतवनने मंडळीच्या रिवाजाप्रमाणे "सलाम" म्हटले, आणि दोघेही जरा अवघडून हसले. शांतवन कशासाठी आला आहे हे समजल्यावर श्रावणने पंप बाजूला ठेवला.

"एक इचारू काय, शांतवनभाऊ? माह्या आज्याले गावचा पाटील म्हने, तुह्या हातचं चालत नाई. म्हून तो तुमच्यात आला. आता खुशालराव म्हनतात, आमच्या हातचं चालत नाई. मंग बदललं काय?"

त्याच्या स्वरात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता. हा प्रश्न शांतवनच्या कोणत्याच भाषणात नव्हता, आणि त्याच्या साऱ्या भाषणांपेक्षा तो जड होता. श्रावण पुन्हा हवा भरू लागला.

आत शालू चुलीपाशी बसली होती. तिने कोठीतून ज्वारी काढली, एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकली, आणि पलीकडे बसलेल्या सासूचे ओठ हलायचे थांबेपर्यंत ती तशीच हात आवरून बसली. मग तिने चूल पेटवली.

शांतवन पाहतच राहिला. त्याला वाटले होते की हे मडके त्या रविवारपासून रिकामे असेल. त्याने मनात ते कितीदा रिकामे पाहिले होते, आणि त्याच्या रिकामेपणावर कितीदा संतापला होता.

"बंद काहून करावं?" माणिकबाई म्हणाली. "मूठ काय खुशालरावच्या टोपल्यासाठी हाय?"

मग तिने सांगितले. मागच्या गल्लीतली खुर्शीदबी बांगड्या विकायची. पाय मोडून खाटेवर पडली होती, मुलगा दूर भुसावळकडे. त्या रविवारपासून शालू आठवड्याची मूठ तिच्याकडे पोचवत होती.

शांतवन भारावून काहीतरी मोठे बोलू लागला. माणिकबाईने त्याला हाताने थांबवले.

"मले लागलं नाई असं समजू नको, बाबू. लय लागलं. घरी येऊन रडली मी. खुशालरावले नाई नाई ते बोलली, शालूले इचार. दोन दिवस त्या मडक्याकडं पायलं नाई. म्हनलं, जाऊ दे चुलीत."

"मंग मीच टाकली," शालू निखारे सारत म्हणाली. "म्हनलं, आत्याबाई, तुमचा राग तुमी करा, मूठ मी टाकतो. राग आपला सावकाश जाईन."

"गेला काय?" शांतवनने विचारले.

"कुठी गेला?" माणिकबाई हसली. "हाय ना. रोज थोडाथोडा टाकतो मडक्यात."

अमरावतीची बातमी ऐकून तिला आनंद झाला, आणि तो तिने लपवला नाही. आपल्या जागी, आपल्या लोकांसमोर आपली पिशवी रिकामी करावी, ही इच्छा तिच्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर लहान मुलीच्या इच्छेसारखी उघडी दिसली. सणाला नेसायचे पांढरे लुगडे कुठे आहे, असे तिने शालूला तिथल्या तिथे विचारले. त्या आठवड्यापुरते खुर्शीदबीकडे आपल्या घरचे वेगळे धान्य देऊ, असे शालू म्हणाली. शांतवनने तिथे भाकर आणि तुरीचे वरण खाल्ले, आणि घरी येताना तो खुशालरावांच्या पराभवाचा विचार करीत आला.

कापणीच्या सणाला मंदिर ज्वारीच्या कणसांनी, हरभऱ्याच्या डहाळ्यांनी आणि कापसाच्या बोंडांनी सजले होते. वेदीच्या पायरीवर भोपळे मांडले होते. या दिवशी प्रत्येक घराचे नाव पुकारायचे आणि त्या घराने सगळ्यांसमोर येऊन आपली मूठ टोपल्यात ओतायची, अशी पद्धत होती. गेल्या वर्षी या सणाला शांतवनने दवाखान्यात पाळी मागून घेतली होती. यंदा तो सकाळीच येऊन पुढच्या बाकावर बसला. खुशालरावांचा चेहरा नीट दिसावा अशी ती जागा होती.

अध्यक्ष आले आणि टोपल्यापाशी उभे राहिले. घरांची नावे खुशालरावांना तोंडपाठ होती. ती ते स्टेशनांसारखी खणखणीत पुकारीत होते. एकेक घर उठत होते, धान्य सळसळत होते. मग क्षणभर ते थांबले. अध्यक्षांनी त्यांच्याकडे पाहिले.

"माणिकबाईचं घर," खुशालराव म्हणाले.

पांढऱ्या लुगड्यातली माणिकबाई उठली. दारापाशी थांबलेली शालू पुढे आली आणि तिने सासूचा हात कोपरापाशी धरला. दोघी मिळून मधल्या वाटेने चालत आल्या. कोणीतरी कुजबुजले, कोणीतरी त्याला गप्प केले. अध्यक्षांनी दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. माणिकबाईच्या हाताला शालूच्या हाताचा आधार होता आणि त्या चार हातांतून ज्वारी त्यांच्या ओंजळीत पडली, ओंजळीतून सांडून टोपल्यात गेली. काही दाणे फरशीवर उडाले. ते वेचायला खुशालराव वाकले.

शांतवनचा ऊर भरून आला. आता यांनी मान वर करावी, आपल्याकडे पाहावे, आणि आपण पाहतो आहोत हे त्यांना कळावे, एवढीच त्याची इच्छा होती. खुशालरावांनी वेचलेले दाणे टोपल्यात टाकले. हात झटकले. मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर पराभव नव्हता, काहीच नव्हते. ते फक्त पुढचे नाव आठवत होते.

"शांतवन वानखडेचं घर."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरे झाले असते. त्याला रागावता आले असते. तो उभा राहिला. त्याचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते, आणि आता साऱ्या मंडळीला ते दिसत होते. वरच्या झरोक्यातून सकाळचा उजेड तिरपा येऊन टोपल्याच्या काठावर टेकला होता. अध्यक्ष त्याच्याकडे मायेने पाहत होते. त्यांना उत्तर ठाऊक होते. आई वारली, एवढे म्हणून त्याला खाली बसता आले असते, आणि ते खोटेही नव्हते. परतीच्या वाटेवर अर्ध्यात थांबून माणिकबाईही पाहत होती.

"आणली नाही," शांतवन म्हणाला.

आपला आवाज इतका मोठा निघेल असे त्याला वाटले नव्हते. खुशालरावांनी पुढचे नाव पुकारले नाही. कदाचित त्यांना नीट ऐकू आले नसावे, कारण त्यांनी मान कलती केली. तेव्हा त्याने उरलेलेही सांगितले. आई गेल्यापासून त्याच्या घरात एकदाही मूठ टाकली गेली नव्हती.